फॉर्म भरला, पण ई-मेल आलाच नाही! सर्व्हरच्या आत नेमकं काय घडतं?

दहावीचा निकाल लागला की पुढचे दोन महिने आमच्या घरी मगरिबनंतर पालकांची ये-जा सुरू होते. विठ्ठलवाडी म्हणजे कर्जतकडे जाणाऱ्या लाईनवर कल्याणनंतरचं पहिलं स्टेशन. इथले कुणी उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात शिलाईला जातात, कुणी कल्याणच्या बाजारात गाडी लावतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत मार्कशीट, आधार, उत्पन्नाचा दाखला, आणि तोंडी एकच प्रश्न: "सर, फॉर्म तर भरला, पण मेल आला नाही. फॉर्म गेला की नाही?"

मागे आमच्याच शाळेतून दहावी झालेल्या एका मुलीच्या बाबतीत हा प्रश्न महागात पडला. तिच्या अब्बांनी सायबर कॅफेत बसून एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. "आपल्या ई-मेलवर पोचपावती पाठवली आहे" असं पडद्यावर आलं. दोन दिवस वाट पाहिली, मेल नाही. कॅफेवाला म्हणाला, "चाचा, सबमिट झाला नसेल, परत भरू." परत भरला, या वेळी कॅफेवाल्याच्याच ई-मेलवर. मेल लगेच आला, सगळ्यांना इत्मिनान वाटलं. महिन्याभरानं कळलं की एकाच मुलीच्या नावावर दोन अर्ज दिसत असल्यामुळे दोन्ही अडकले आहेत. पहिला अर्ज पहिल्याच दिवशी व्यवस्थित जमा झाला होता. फक्त ई-मेलच्या पत्त्यात जीमेलच्या स्पेलिंगमधल्या ए आणि आयची अदलाबदल झाली होती. दुसरा अर्ज रद्द करून घ्यायला अब्बांच्या तीन दिवसांच्या मजुरीवर पाणी पडलं.

तेव्हापासून आम्ही ठरवलं होतं की हा प्रकार एकदा नीट समजावून लिहायचा. कारण अर्ज जमा होणं आणि ई-मेल येणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत. ती सर्व्हरमध्ये दोन वेगळ्या ठिकाणी होतात, आणि एक झालं म्हणजे दुसरं झालंच असं नसतं. हे कसं, ते पाहू.

आत कोण असतं?

आपण मोबाईलवर किंवा कॅफेत जो फॉर्म पाहतो ती फक्त खिडकी. "सबमिट" दाबलं की माहिती दूरच्या एका मोठ्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे जाते. तिथे एक भलामोठा प्रोग्रॅम चालू असतो. बँक, विमा कंपनी, विद्यापीठ, सरकारी खातं अशा ठिकाणच्या या मोठ्या प्रोग्रॅमला एंटरप्राइज अॅप्लिकेशन म्हणतात. तो एका तुकड्याचा नसतो. एक भाग फॉर्म तपासतो, एक भाग फी मोजतो, एक भाग नोंद करतो, एक भाग मेल पाठवतो. या प्रत्येक भागाला कंपोनंट म्हणतात. शाळेच्या ऑफिसात जसं एक क्लार्क जनरल रजिस्टर सांभाळतो, दुसरा फी घेतो आणि शिपाई टपाल नेऊन टाकतो, तसंच.

असे कंपोनंट लिहिण्याची जावा या भाषेतली एक जुनी आणि प्रसिद्ध पद्धत आहे, एंटरप्राइज जावाबीन्स. तिची पहिली आवृत्ती १९९८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनं जाहीर केली. पुढे सन कंपनी ओरॅकलनं विकत घेतली, ओरॅकलनं २०१७ मध्ये हा सगळा पसारा एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेकडे देण्याचं जाहीर केलं, आणि जावा हे नाव वापरायला परवानगी नसल्यामुळे २०१८ मध्ये त्याचं नवं नाव ठरलं जकार्ता. (जावा हे इंडोनेशियातलं बेट आणि जकार्ता हे त्याच बेटावरचं शहर. वर्गात हे सांगितलं की भूगोल आणि संगणक दोन्ही लक्षात राहतात.) प्रत्येक पोर्टल जावातच असतं असं नाही. पण भाषा कोणतीही असो, मेल पाठवण्याचं काम साधारण असंच चालतं, म्हणून उदाहरण जावाचं घेतो.

मेल पाठवणाऱ्या कंपोनंटला स्वतःचं पोस्ट ऑफिस नसतं. त्याला फक्त एवढंच माहीत असतं की मेलचं खातं "अमुक नावानं" उपलब्ध आहे. टपाल घेणारा सर्व्हर कोणता, त्याचा पासवर्ड काय, हे सगळं सर्व्हर सांभाळणारा माणूस बाहेर नोंदवून ठेवतो. कंपोनंट नाव सांगतो आणि चौकट त्याला तयार जोडणी हातात देते. याचा फायदा असा की पासवर्ड बदलला तरी प्रोग्रॅम पुन्हा लिहावा लागत नाही, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येक मुलाला पासवर्ड सांगावा लागत नाही. मग कंपोनंट एक पत्र तयार करतो: कोणाकडून, कोणाला, विषय, तारीख, मजकूर. आणि "पाठव" असा हुकूम देतो.

इथे आमच्यासारख्या दोन भाषांत वावरणाऱ्यांच्या जिव्हाळ्याची एक गोष्ट. ई-मेलचा मूळ नियम फक्त इंग्रजी अक्षरांसाठी होता. मराठी, उर्दू, अरबी अक्षरं त्यात बसतच नव्हती. १९९२ मध्ये माइम नावाचा नियम आला, त्यानं इतर लिपींतला मजकूर इंग्रजी अक्षरांच्या वेषात गुंडाळून पाठवायची आणि पलीकडे उलगडायची सोय केली. त्यासाठी पाठवणाऱ्या कंपोनंटनं "हा मजकूर यूटीएफ-८ पद्धतीचा आहे" असं सांगायला हवं. सांगायचं राहिलं की मुलाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ दिसते. उर्दूला आणखी एक लागतं, मजकूर उजवीकडून डावीकडे आहे ही सूचना. ती नसली की पूर्णविराम आणि आकडे भलत्याच टोकाला जाऊन बसतात. तेव्हा प्रश्नचिन्हांनी भरलेला मेल आला तर घाबरायचं कारण नाही, अर्जातलं नाव बिघडलंय असं त्यावरून ठरत नाही. लॉगिन करून नाव पाहून घ्यावं.

"पाठवला" म्हणजे नेमकं काय?

"पाठव" म्हटल्यावर दोन सर्व्हरमध्ये अक्षरशः संवाद होतो. त्या संवादाचा नियम म्हणजे एसएमटीपी, १९८२ चा. ("अॅट"चं चिन्ह वापरून पहिला ई-मेल रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये पाठवला होता, त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.) एक सर्व्हर म्हणतो, सलाम, मी अमुक. दुसरा म्हणतो, २५०. म्हणजे ठीक आहे. पहिला म्हणतो, हे पत्र याच्याकडून. २५०. या पत्त्यावर द्यायचं आहे. २५०. मग मजकूर, आणि शेवटी पुन्हा २५०. चारशेच्या घरातला आकडा आला तर अर्थ "आत्ता जमत नाही, थोड्या वेळानं या". पाचशेच्या घरातला आला तर "जमणारच नाही", उदाहरणार्थ तो पत्ताच अस्तित्वात नाही.

आता मुख्य मुद्दा. कंपोनंटला जो "२५०" मिळतो, तो बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या टपाल सर्व्हरकडून मिळतो. विठ्ठलवाडीच्या पोस्टाच्या पेटीत पत्र टाकलं आणि घरी येऊन सांगितलं "पाठवलं", तर आपण खोटं बोललो नाही. पण पत्र रत्नागिरीला पोहोचलं असंही नाही. पडद्यावरचं "ई-मेल पाठवला आहे" हे वाक्य एवढंच सांगतं की पत्र पेटीत पडलं. कधी कधी तर पडायच्या आधीच ते वाक्य दाखवलं जातं, ते पुढे येईलच.

पुढचा टपाल सर्व्हर "थोड्या वेळानं या" म्हणाला, तर मधला सर्व्हर पत्र ठेवून घेतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. नियमानं चार-पाच दिवस तरी प्रयत्न करत राहावं अशी अपेक्षा असते. म्हणून तिसऱ्या दिवशी आलेला मेल हा काही चमत्कार नाही. पत्ता चुकीचा असेल, तर "पत्र पोहोचलं नाही" अशी चिठ्ठी परत येते. पण कुणाकडे? ज्याच्या नावानं पाठवलं त्याच्याकडे. आणि ते नाव असतं "नो-रिप्लाय". ती पेटी सहसा कुणी उघडून पाहत नाही. आमच्या त्या मुलीच्या बाबतीत तर चुकलेला पत्तासुद्धा खरा असू शकतो. लोकप्रिय नावांच्या चुकीच्या स्पेलिंगवर कुणीतरी नोंदणी करून ठेवलेली असते. मग चिठ्ठीही परत येत नाही, पत्र भलत्याच्याच घरात पडतं. त्या पत्रात मुलीचं नाव आणि अर्ज क्रमांक असतो, हे लक्षात घ्या.

निकाहचं रजिस्टर आणि मामूंचा फोन

अर्जाची नोंद आणि मेल यांचा संबंध समजावायला आम्ही वर्गात निकाहचं उदाहरण देतो. काझीसाहेबांनी निकाह पढवला, मेहरची रक्कम लिहिली, वकील आणि गवाहांच्या सह्या झाल्या, रजिस्टर बंद झालं. निकाह झाला. आता गावच्या मामूंना फोन करायचा आहे आणि खाडीपट्ट्यात रेंज नाही. फोन लागला नाही म्हणून निकाह झाला नाही, असं कुणी म्हणेल का?

सर्व्हरमधल्या रजिस्टरला डेटाबेस म्हणतात. नोंदीचे सगळे टप्पे एकत्र बांधलेले असतात, त्याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. सगळे टप्पे पूर्ण झाले तर नोंद पक्की, एकही अडला तर सगळंच पुसलं जातं, जणू काही झालंच नव्हतं. एंटरप्राइज जावाबीन्सची खासियतच ही की हे बांधणं आणि पुसणं चौकट स्वतः सांभाळते. पण मेल या गाठीत बांधता येत नाही. गेलेला मेल परत बोलावता येत नाही.

यातून तीन प्रकारचे घोटाळे होतात. पहिला आपण पाहिला, नोंद पक्की पण मेल नाही. दुसरा याच्या उलट. कंपोनंटनं नोंद पक्की व्हायच्या आधीच मेल पाठवून दिला, आणि शेवटच्या टप्प्याला डेटाबेसनं नकार दिला. नोंद पुसली गेली, मेल मात्र तुमच्या हातात. म्हणजे सह्या व्हायच्या आधीच घाईघाईत मामूंना "मुबारक हो" सांगून टाकलं आणि इकडे बैठकच मोडली. हा घोटाळा जास्त धोक्याचा, कारण मेल हातात आहे म्हणून आपण निश्चिंत असतो आणि तारीख निघून जाते. तिसरा प्रकार आमच्या मते प्रोग्रॅमरचा सरळ निष्काळजीपणा आहे. मेलचा सर्व्हर बंद होता, तेवढ्यावरून सगळा अर्जच पुसून टाकायचा. मामूंना फोन लागला नाही म्हणून रजिस्टरचं पान फाडायचं!

समजूतदार प्रोग्रॅमर काय करतो? तो अर्ज नोंदवताना मेल पाठवतच नाही. "या पत्त्यावर असा मेल पाठवायचा आहे" अशी एक चिठ्ठी रांगेत ठेवतो. ही चिठ्ठी ठेवणं नोंदीच्या त्याच गाठीत बांधता येतं. नोंद पक्की झाली तरच चिठ्ठी पुढे सरकते, नोंद पुसली तर चिठ्ठीही पुसली जाते. रांगेच्या दुसऱ्या टोकाला एक वेगळा कंपोनंट बसलेला असतो, त्याचं काम एकच, चिठ्ठी उचलायची आणि मेल पाठवायचा. जावात या कंपोनंटला मेसेज ड्रिव्हन बीन म्हणतात, तो २००१ पासून या पद्धतीत आहे. टपाल सर्व्हर बंद असेल तर चिठ्ठी रांगेतच राहते आणि थोड्या वेळानं पुन्हा उचलली जाते.

या रांगेमुळे रोजच्या दोन कोड्यांची उत्तरं मिळतात. एक, मेल उशिरा का येतो. शेवटच्या तारखेला रात्री हजारो लोक एकदम सबमिट दाबतात. अर्ज पटापट नोंदवले जातात, पण चिठ्ठ्यांची रांग कल्याण स्टेशनच्या सकाळच्या जिन्यासारखी तुंबते. पडद्यावर "मेल पाठवला" दिसतं तेव्हा खरं तर चिठ्ठी नुकतीच रांगेत लागलेली असते. दोन, तोच मेल कधी दोनदा का येतो. कंपोनंटनं मेल पाठवला, पण "काम झालं" अशी खूण करायच्या आतच तो बंद पडला. रांगेला वाटतं काम राहिलं, ती चिठ्ठी पुन्हा देते. दोन मेल आले म्हणजे दोन अर्ज झाले असं नव्हे. दोन्हीतला अर्ज क्रमांक पाहा, तो एकच असेल.

स्पॅमची पेटी आणि खोटी पाकिटं

पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहू शकतो. ई-मेलचंही तसंच आहे. १९८२ च्या नियमात पाठवणाऱ्याची ओळख तपासायची सोयच नव्हती. ती नंतर जोडली गेली. एसपीएफ म्हणजे "आमच्या नावानं हेच सर्व्हर पत्र पाठवतील" अशी जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे पत्रावर असा शिक्का की वाटेत मजकूर बदलला तर कळतो. डीमार्क म्हणजे यादी किंवा शिक्का जुळला नाही तर पत्राचं काय करायचं याची सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलनं, जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत. ज्या पोर्टलनं हे नीट केलेलं नसतं, त्याचा खरा मेलसुद्धा स्पॅममध्ये पडतो किंवा दारातूनच परत जातो. म्हणून मेल नाही म्हणण्याआधी स्पॅमची पेटी उघडा.

आणि उलट बाजू. हज, शिष्यवृत्ती, पासपोर्ट यांच्या नावानं "तुमचा अर्ज अपूर्ण आहे, या लिंकवर पैसे भरा" असा मेल आला तर त्यातल्या लिंकला हात लावू नका. पोर्टलचा पत्ता स्वतः टाईप करून लॉगिन करा. केंद्र आणि राज्य सरकारच्या साईटच्या पत्त्याच्या शेवटी सहसा "जीओव्ही डॉट इन" किंवा "एनआयसी डॉट इन" असतं, हज कमिटी ऑफ इंडियाचंही तसंच आहे. खरी हकीकत लॉगिन केल्यावर दिसते तीच.

आता घरच्यांसाठी. मुलाच्या किंवा मुलीच्या नावानं स्वतःचा ई-मेल उघडा आणि पासवर्ड घरच्या वहीत लिहून वही कपाटात ठेवा. कॅफेवाल्याचा ई-मेल देऊ नका. तो माणूस चांगला असेलही, पण पुढच्या वर्षी दुकान बंद झालं तर पासवर्ड बदलायचा मेल कुणाकडे जाणार? आपल्याकडे बऱ्याच घरांत अब्बा किंवा मोठे भाई सौदी, कुवेतला असतात आणि नंबर त्यांचा दिलेला असतो. ओटीपी तिकडे वाजतो, तिकडे ते ड्युटीवर, आणि इकडे दहा मिनिटांची मुदत संपते. जो घरी आहे त्याचाच नंबर द्या. सबमिट दाबायच्या आधी ई-मेलचा पत्ता दुसऱ्या कुणाला तरी अक्षर-अक्षर वाचायला लावा, स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही हे आम्ही पेपर तपासताना रोज पाहतो. सबमिट झाल्यावर पडद्यावर जो अर्ज क्रमांक येतो तो तिथेच लिहून घ्या, त्याचा फोटो काढा, पीडीएफ मिळत असेल तर उतरवून घ्या. मेल आला नाही तर दुसरा अर्ज मुळीच भरू नका. क्रमांक घेऊन लॉगिन करा आणि अर्जाची स्थिती पाहा. आणि मेल आला तरीही एकदा लॉगिन करून पाहाच, वर सांगितलेला दुसरा घोटाळा आठवा.

ज्यांची मुलं बीएस्सी आयटी किंवा इंजिनिअरिंगला आहेत, त्यांना एक काम सुचवतो. ग्लासफिश, वाइल्डफ्लाय असे सर्व्हर मोफत मिळतात. घरच्या लॅपटॉपवर एक छोटा कंपोनंट लिहून स्वतःच्याच जीमेलवर मेल पाठवून पाहावा. नेहमीचा पासवर्ड तिथे चालणार नाही, २०२२ पासून गुगलनं ते बंद केलं आहे. आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सोळा अक्षरांचा अॅप पासवर्ड घ्यावा लागतो. आणि जोडणीला वेळेची मर्यादा जरूर घालावी. जावाच्या मेल पाठवणाऱ्या साधनात ती मुळात नसते, समोरचा सर्व्हर गप्प बसला तर आपला प्रोग्रॅमही त्याच्या तोंडाकडे पाहत बसून राहतो.

आमचा एक जुना विद्यार्थी, उर्दू माध्यमातून शिकलेला, सुटीत आला तेव्हा त्यानं हे दहावीच्या मुलांसमोर करून दाखवलं. पहिल्या मेलमध्ये उर्दू विषयाच्या जागी एकवीस प्रश्नचिन्हं आली आणि वर्ग खो-खो हसला. त्यानं एका ओळीत यूटीएफ-८ घातलं आणि पुन्हा पाठवलं. या वेळी मागच्या बाकावरच्या मुलानं मोबाईल वर धरून आलेला विषय मोठ्यानं वाचला, आणि मग विचारलं, "सर, पण हा आला नसता, तर तो गेला नाही असं समजायचं का?"